ढालकिड्याचे बारसे

मुलांनो, तुमच्या घराजवळ वांग्याचे शेत असेल किंवा परसात वांग्याची चार रोपे असतील, तर पावसाळ्यात एकदा त्यांची पाने नीट पाहा. एखाद्या पानाची अगदी जाळी झालेली दिसेल. हिरवा भाग खरवडून खाल्लेला आणि शिरा तेवढ्या शिल्लक. असे पान उजेडासमोर धरले, तर पिठाच्या चाळणीतून पाहावे तसे पलीकडचे दिसते.

आता ते पान हळूच उलटे करा. खालच्या बाजूला एखादी पिवळी अळी चिकटलेली असेल. तिच्या अंगावर फांद्या फुटल्यासारखे काटे असतात. जवळच पिवळ्या अंड्यांचा पुंजका असेल. अंडी आडवी नसतात. ती एकमेकांना खेटून उभी असतात. आणि तेथेच एक गोलसर, तांबूस रंगाचा, वाटाण्याएवढा किडा बसलेला दिसेल. त्याच्या पाठीवर काळे ठिपके असतात. त्याला बोट लावले, तर तो पाय पोटाशी घेतो आणि गुडघ्यांतून पिवळा, कडू रस सोडतो.

"हा तर ढालकिडा!" असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पाठ ढालीसारखी फुगीर असते, म्हणून याला ढालकिडा म्हणतात. इंग्रजीत याला लेडीबर्ड म्हणतात. जर्मनीतील मुले याला 'मारियनकेफर' म्हणतात. त्याचा अर्थ मारीचा किडा, म्हणजे येशूच्या आईचा किडा. शेतकऱ्याला उपयोगी पडणाऱ्या किड्याला तिकडच्या लोकांनी असे प्रेमाचे नाव दिले.

पण मग हा उपयोगी किडा वांग्याच्या पानावर काय करत होता? पानाची चाळणी त्यानेच केली का?

होय, त्यानेच केली. जगात ढालकिड्यांच्या सुमारे सहा हजार जाती आहेत. त्यांतील बहुतेक जाती शिकारी आहेत. त्या मावा, पिठ्या ढेकूण अशा पिकाचा रस शोषणाऱ्या किडींना खातात. ज्वारीवर, करडईवर मावा पडला, की सात ठिपक्यांचा लाल ढालकिडा तेथे हजर होतो. तो शेतकऱ्याचा मित्र आहे. परंतु या मोठ्या घराण्यात हजाराहून अधिक जाती अशा आहेत, की त्या मांसाला तोंडही लावत नाहीत. त्या पक्क्या शाकाहारी! वांगे, बटाटा, टोमॅटो, दोडका, कारले यांची पाने हे त्यांचे जेवण. आपल्याला शाकाहारी माणूस गरीब वाटतो. शेतकऱ्याला मात्र शाकाहारी ढालकिडा महागात पडतो.

मित्र कोणता आणि शत्रू कोणता, हे ओळखायचे कसे? एक सोपी खूण आहे. भिंग असेल तर ते घ्या. शिकारी ढालकिड्याची पाठ बहुधा गुळगुळीत आणि चकचकीत असते, जणू नुकतेच पॉलिश केलेले लाकूड. पाने खाणाऱ्या ढालकिड्याच्या पाठीवर बारीक, आखूड लव असते. त्यामुळे तो जरा मळकट, मखमली दिसतो. मात्र या एकाच खुणेवर फार विसंबू नका. काही शिकारी ढालकिड्यांच्या पाठीवरही लव असते.

ओळखण्यात चूक झाली, तर काय होते ते नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत कळते. तेथे पिठ्या ढेकूण नावाची कीड द्राक्षाच्या घडांवर बसते. तिच्या अंगावर पांढरे, मेणासारखे पीठ असते. तिचा नाश करण्यासाठी बागेत क्रिप्टोलेमस नावाचे ढालकिडे मुद्दाम सोडतात. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. गंमत अशी, की त्याची अळीही अंगावर तसेच पांढरे पीठ घेऊन फिरते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. ज्याला हे माहीत नाही, तो त्या अळीलाच कीड समजून तिच्यावर औषध मारतो. म्हणजे राखणदाराला मारले आणि चोराला मोकळे रान दिले!

म्हणून प्रत्येक किड्याला स्वतःचे, सगळ्या जगात चालेल असे नाव हवे. 'तांबडा किडा' किंवा 'ठिपक्यांचा भुंगा' एवढ्याने भागत नाही. एका गावातील तांबडा किडा मित्र असतो, तर दुसऱ्या गावातील तांबडा किडा शत्रू.

वांग्यावरच्या आपल्या ढालकिड्याला असे नाव आहे. ते एका दमात वाचून पाहा : हेनोसेपिलॅक्ना व्हिजिन्टिऑक्टोपंक्टाटा. जीभ अडखळली ना? पण हे नाव दिसते तितके परके नाही. त्याचा दुसरा भाग लॅटिन भाषेतील आहे. 'व्हिजिन्टी' म्हणजे वीस, 'ऑक्टो' म्हणजे आठ आणि 'पंक्टाटा' म्हणजे ठिपके असलेली. अठ्ठावीस ठिपक्यांची! संस्कृतमधील 'विंशति' आणि 'अष्ट' हे शब्द त्या 'व्हिजिन्टी' आणि 'ऑक्टो' यांचे लांबचे भाऊबंदच आहेत. एका पंखावर चौदा आणि दुसऱ्या पंखावर चौदा, असे अठ्ठावीस ठिपके होतात.

हे नाव ठेवले डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ योहान क्रिस्तियान फाब्रिसियस यांनी, १७७५ साली. फाब्रिसियस हे स्वीडनच्या लिनीअस यांचे शिष्य. प्राण्याला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत लिनीअस यांनी घालून दिली. त्यांच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून प्राण्यांची नावे मोजतात. पहिला शब्द आडनावासारखा असतो. जवळच्या नात्याच्या अनेक जातींना तो सारखाच असतो. दुसरा शब्द त्या जातीचा स्वतःचा. शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी लिहितात ना, तसेच.

आपल्या ढालकिड्याचे आडनाव मात्र पुढे बदलत गेले. फाब्रिसियस यांनी त्याला सगळ्या ढालकिड्यांच्या एकाच गटात ठेवले होते. नंतर पाने खाणाऱ्यांचा वेगळा गट झाला. त्याचे नाव एपिलॅक्ना. कृषी सहायक आजही शेतकऱ्यांशी बोलताना 'एपिलॅक्ना भुंगेरा' असेच म्हणतात. पुढे १९६१ साली त्यातून हेनोसेपिलॅक्ना हा गट निघाला. पुस्तकात या नावापुढे 'फाब्रिसियस, १७७५' असे कंसात लिहिलेले असते. तो कंस म्हणजे घर बदलल्याची खूण. नाव ठेवणाऱ्याने ज्या घरात ठेवले होते, तेथे हा किडा आता राहत नाही, असा त्याचा अर्थ.

आता एक प्रश्न उरतो. समजा, उद्या एखाद्याला असा ढालकिडा मिळाला, की जो कोणत्याच पुस्तकात नाही. तर त्याचे नाव कोण ठेवणार? आणि तो खरोखरच नवा आहे, हे ठरवणार कसे? बाळाच्या बारशाला पाळणा आणि घुगऱ्या लागतात. किड्याच्या बारशाला काय काय लागते, हे पाहायचे तर आपल्याला बरेच लांब जावे लागेल. चला, जर्मनी देशाच्या राजधानीत, बर्लिनला जाऊ या.

बर्लिनमध्ये निसर्ग-इतिहासाचे एक मोठे संग्रहालय आहे. तेथील विद्यापीठाबरोबर १८१० साली ते सुरू झाले. आजच्या इमारतीत ते १८८९ साली आले. दारातून आत गेले, की समोर एका राक्षसी प्राण्याचा, डायनोसॉरचा, सांगाडा उभा आहे. त्याची उंची तेरा मीटरांहून अधिक आहे. चार मजली घराच्या गच्चीवर उभे राहिले, तर त्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येईल. येणारी मुले तोंड वर करून त्याच्याकडेच पाहत राहतात. पण आपल्याला त्याच्याकडे जायचे नाही. आपल्याला मागच्या खोल्यांत जायचे आहे.

त्या खोल्यांत कपाटेच कपाटे आहेत. कपाटात खण आणि खणांत काचेच्या झाकणाच्या पेट्या. एकेका पेटीत टाचणीला लावलेले किडे ओळीने उभे आहेत. टाचणीने भोक पडेल इतके लहान किडे आधी कागदाच्या इवल्याशा तुकड्यावर डिंकाने चिकटवतात आणि मग तो कागद टाचणीला लावतात. या संग्रहात सुमारे दीड कोटी कीटक आहेत! प्रत्येकाच्या खाली, त्याच टाचणीला, बोटाच्या नखाएवढी चिठ्ठी असते. किडा कोठे मिळाला, कधी मिळाला, कोणी पकडला, हे त्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. चिठ्ठी हरवली, तर किडा शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी होतो. गाव नाही, तारीख नाही, मग त्याच्याविषयी सांगणार काय?

या पेट्यांना फार जपावे लागते. कारण वाळलेले किडे खाणारेही किडे असतात! त्यांच्या बारीक, केसाळ अळ्या पेटीत शिरल्या, तर थोड्याच दिवसांत टाचण्या आणि भुकटी एवढेच उरते. किड्यांना कीड लागते, असे म्हटले तर कोणाला खरे वाटेल का?

या संग्रहात एका शिक्षकाचे ढालकिडे आहेत. त्यांचे नाव युलियस वाइझे. जर्मन भाषेत 'वाइझे' या शब्दाचा अर्थ शहाणा असा होतो. वाइझे यांचा जन्म १८४४ साली झाला आणि १९२५ साली ते वारले. ते व्यवसायाने शिक्षक होते. शाळा सांभाळून त्यांनी पाने खाणारे भुंगेरे आणि ढालकिडे यांचा अभ्यास केला. दूरदूरच्या देशांतून आलेले किडे ते भिंगाखाली धरत, मोजत, एकमेकांशी ताडून पाहत. युरोपातील ढालकिडे ओळखायला उपयोगी पडेल असे पुस्तक त्यांनी लिहिले. कितीतरी नव्या जातींना त्यांनी नावे दिली. आजही शेकडो भुंगेऱ्यांच्या नावांपुढे 'वाइझे' असे लिहिलेले असते.

वाइझे यांनी १८९८ साली पाने खाणाऱ्या ढालकिड्यांच्या एका गटाला 'सोलॅनोफिला' असे नाव दिले. 'सोलॅनम' हे वांगी-बटाट्याच्या गटाचे शास्त्रीय नाव, आणि 'फिला' म्हणजे आवडणारी. वांग्याची आवड असलेली! किती नेमके नाव. पण पुढच्या अभ्यासकांनी तपासले, तेव्हा हा गट वेगळा मानण्याचे कारण नाही असे त्यांना दिसले. ते नाव मागे पडले. शास्त्रात असे होते. गुरुजींनी दिलेले नाव असले, तरी ते पुन्हा तपासतात.

आता आपण नव्या ढालकिड्याकडे वळू. समजा, सह्याद्रीच्या एखाद्या घाटात, एका रानवेलीच्या पानावर तुम्हांला अनोळखी ढालकिडा मिळाला. तुम्ही तो एका अभ्यासक ताईंकडे नेला. त्या काय करतील?

पहिली गोष्ट, त्या ठिपके मोजतील. पण ठिपक्यांवर विश्वास ठेवणार नाहीत. ठिपके फसवतात. आपल्या अठ्ठावीस ठिपक्यांच्या ढालकिड्यातच काहींना बारा ठिपके असतात, काहींना सोळा, तर काहींचे ठिपके एकमेकांत मिसळून पट्टे झालेले असतात. बारा ठिपके पाहून कोणी त्याला नवे नाव दिले, तर त्याचे ठिपके मोजले एवढेच म्हणता येईल. त्याला ओळखले असे म्हणता येणार नाही.

याच्या उलटही होते. जपानमध्ये, कोरियात आणि चीनच्या उत्तर भागात बटाट्यावर एक ढालकिडा येतो. त्यालाही अठ्ठावीसच ठिपके! रशियाचे अभ्यासक मोचुल्स्की यांनी त्याचे नाव ठेवले व्हिजिन्टिऑक्टोमाकुलाटा. त्याचाही अर्थ अठ्ठावीस डागांचा. एक 'ठिपक्यांचा', दुसरा 'डागांचा'. एक उष्ण प्रदेशात राहतो, दुसरा थंड प्रदेशात. ठिपके तेवढेच, पण जाती दोन. शेतीच्या अभ्यासकांनाही या जोडीने बरेच चकवले आहे.

मग विश्वास कशावर ठेवायचा? अभ्यासक ताई किड्याला कोमट पाण्यात मऊ करतील. नंतर बारीक सुईने त्याच्या पोटाचा शेवटचा भाग सोडवतील. तेथे काही अवयव असतात, तिळाहूनही लहान. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार दिसतो. कोणाचा टोकाशी वाकलेला, कोणाचा करवतीसारखा दातेरी. ठिपके बदलले, तरी एका जातीत या अवयवांचा आकार सहसा बदलत नाही. म्हणून त्यांचे चित्र काढायचे. पूर्वी हे चित्र हाताने काढत. आता सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडतात आणि एकाच किड्याचे अनेक फोटो काढून त्यांचा एक स्पष्ट फोटो बनवतात. हवे तर किड्याच्या एका पायातून त्याचा डी.एन.ए. काढून तोही ताडून पाहतात. डी.एन.ए. म्हणजे प्रत्येक सजीवाच्या पेशींत लिहिलेली त्याची कुंडलीच.

या आतल्या अवयवांची चित्रे काढून आशिया, युरोप आणि ऑस्ट्रेलियातील पाने खाणारे ढालकिडे नीट लावले, ते गेऱ्हार्ड डीके यांनी. त्यांचा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. डीके जन्माने जर्मन. काम केले अमेरिकेत. आणि त्यांचे खरे काम कोणते होते, ठाऊक आहे? ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते! प्रकाशाच्या रंगांचा अभ्यास करणारे. ढालकिडे हा त्यांचा छंद होता. आजही नवा ढालकिडा मिळाला, की अभ्यासक डीके यांचा ग्रंथ उघडून पाहतात.

पण चित्रे आणि पुस्तके पाहून काम संपत नाही. जुन्या पुस्तकांतील वर्णने फार त्रोटक असतात. लॅटिन भाषेतील दोन ओळी : तांबूस, ठिपके काळे, पाय पिवळे. अशा वर्णनात दहा जाती बसतील! म्हणून ज्या किड्याला पाहून ते नाव ठेवले होते, तो किडाच पाहावा लागतो. त्याला मूळ नमुना म्हणतात.

मूळ नमुना म्हणजे काय, हे दुकानातील वजनावरून समजेल. दुकानदाराचा एक किलो खरा कशावरून? तर वजनमापे खात्याने तो आपल्याकडच्या पक्क्या वजनाशी ताडून पाहिलेला असतो आणि त्यावर शिक्का मारलेला असतो. तसेच किड्याचे. अमुक नाव कोणाचे, असा वाद झाला, की मूळ नमुना काढून पाहायचा. तो सांगेल ते खरे. अशा नमुन्याच्या टाचणीला बहुधा लाल रंगाची चिठ्ठी लावतात. लाखो किड्यांत ती चिठ्ठी चटकन दिसावी आणि हात लावणाऱ्याने आधी दोनदा विचार करावा, हा हेतू. वाइझे यांनी नावे दिलेल्या अनेक जातींचे मूळ नमुने बर्लिनला आहेत. त्यामुळे आफ्रिकेत किंवा आशियात मिळालेल्या ढालकिड्याचा निकाल कधीकधी बर्लिनमधील एका जुन्या पेटीत असतो.

आमच्या रानातील किडा आणि त्याचा मूळ नमुना परदेशात, हे थोडे खटकते ना? तुम्हांला खटकत असेल, तर त्यात काही गैर नाही. त्या काळी जगाच्या मोठ्या भागावर युरोपातील देशांचे राज्य होते आणि बोटीच्या बोटी भरून वस्तू तिकडे जात. आता तसे नाही. आपल्या देशाने २००२ साली जैविक विविधतेविषयीचा कायदा केला. त्यानुसार भारतात नवी जात सापडली, तर तिचा नमुना सरकारने ठरवून दिलेल्या आपल्याच देशातील संस्थेत ठेवावा लागतो. कोलकात्याला मुख्य कार्यालय असलेली भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी एक मोठी संस्था आहे. तिचे एक केंद्र पुण्यालाही आहे. तुमच्या घाटातील ढालकिड्याला आता बोटीने जावे लागणार नाही.

मूळ नमुने किती जपून ठेवावे लागतात, याची एक गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्बचा वर्षाव झाला. १९४५ च्या फेब्रुवारी महिन्यात बर्लिनच्या त्या संग्रहालयावरही बॉम्ब पडला. इमारतीचा पूर्वेकडचा भाग कोसळला. देवमाशांचे मोठमोठे सांगाडे त्या ढिगाऱ्याखाली गाडले गेले. तो भाग कित्येक वर्षे पडकाच राहिला. शेवटी २०१० साली तो पुन्हा बांधून पुरा झाला. आज तेथे काचेच्या हजारो बरण्यांत, मद्यार्कात बुडवलेले मासे, साप, खेकडे ठेवलेले दिसतात. एवढ्या उलथापालथीतून कागदाच्या तुकड्यावर चिकटवलेले वाइझे यांचे ढालकिडे वाचले. हत्तीपेक्षा मोठे सांगाडे गेले आणि तांदळाएवढे किडे राहिले!

बारशाकडे परत येऊ. अभ्यासक ताईंनी सगळे ताडून पाहिले. ढालकिडा कोणाशीच जुळला नाही. आता त्या एक लेख लिहितील. किड्याची लांबी किती, रुंदी किती, लव कशी, ठिपके कोठे, आतले अवयव कसे, जवळच्या भावंडांपासून तो कशात वेगळा, कोणत्या झाडावर मिळाला, हे सगळे त्या लिहितील. एक नमुना निवडतील, त्याला लाल चिठ्ठी लावतील आणि तो कोठे ठेवला तेही लिहितील. नाव ठेवतील. ते नाव किड्याच्या रंगावरून असेल, गावावरून असेल किंवा एखाद्या मोठ्या अभ्यासकावरून असेल. स्वतःचे नाव मात्र कोणी देत नाही. तसे करणे नियमात बसत नाही असे नाही, पण ते चांगले दिसत नाही. लेख दुसरे जाणकार तपासतात, शंका विचारतात. मग तो छापला जातो. छापला गेला, की बारसे झाले. कोणी तोंडाने कितीही सांगितले, तरी छापल्याशिवाय नाव लागू होत नाही.

हे सगळे ठीक. पण दिसायला अगदी सारखे, आणि तरी वेगळे, असे किडे असतील तर? जपानमध्ये अशी एक जोडी आहे. त्यांतील एका ढालकिड्याला १८९६ साली जॉर्ज लुईस यांनी 'निपोनिका' असे नाव दिले. लुईस हे चहाचे व्यापारी होते. व्यापारासाठी जपानला गेले आणि तेथील किडे गोळा करू लागले. निपोनिका काटेरी रानफुलांच्या झाडांवर राहतो. आपल्याकडच्या उत्कटारीसारखी ती झाडे असतात. त्याच जंगलात तसाच दिसणारा दुसरा ढालकिडा एका अगदी निराळ्या, बिनकाट्यांच्या वनस्पतीवर राहतो. १९८१ साली हारुओ काताकुरा यांनी त्याला वेगळी जात म्हणून 'यासुतोमिई' हे नाव दिले.

आता गंमत ऐका. हे दोन्ही किडे एका डबीत ठेवले, तर त्यांचे जमते. त्यांना पिल्ले होतात आणि ती चांगली वाढतात. मग हे दोन वेगळे कसे? कारण जंगलात ते एकमेकांना भेटतच नाहीत! प्रत्येकजण आपल्याच झाडावर जन्मतो, तेथेच जेवतो, तेथेच लग्न करतो आणि तेथेच अंडी घालतो. शेजारच्या झाडावर कोणी पाय ठेवत नाही. दोघांच्या मध्ये ना डोंगर, ना नदी. मध्ये आहे ती फक्त जेवणाची आवड.

माझ्या मते तर ढालकिड्यांतील ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. ठिपके मोजून ती कधीच कळली नसती. कोणीतरी जंगलात जाऊन, कोणता किडा कोणत्या पानावर बसतो हे दिवसचे दिवस पाहिले, तेव्हा ती कळली. म्हणून तुम्ही एखादा ढालकिडा पाहिलात, तर वहीत पहिल्यांदा झाडाचे नाव लिहा. ठिपके नंतर मोजा.

बर्लिनच्या संग्रहालयात २०२२ साली एक नवे काम सुरू झाले. येणाऱ्या लोकांसमोरच, काचेपलीकडे, एकेका किड्याचे यंत्राने फोटो काढू लागले. दूर देशातल्या अभ्यासकाला तो किडा आणि त्याची चिठ्ठी घरबसल्या पाहता यावी, यासाठी हे काम. पेट्या एकामागून एक उघडल्या जातात. त्यांत नाव असलेले किडे असतात, तसे शेवटच्या ओळीत नाव नसलेलेही असतात. कोणीतरी ते पकडले, टाचणीला लावले, पण ओळखायला कोणाला वेळ झाला नाही. जगातील सगळ्याच मोठ्या संग्रहांत असे किडे आहेत. त्यांच्या चिठ्ठीवर गाव लिहिलेले असते, तारीख लिहिलेली असते, पकडणाऱ्याचे नाव असते. किड्याच्या नावाची जागा तेवढी कोरी असते.

स्वाध्याय

१. वांग्याच्या पानाची जाळी कशामुळे होते?
२. क्रिप्टोलेमसच्या अळीला काही लोक कीड का समजतात?
३. 'व्हिजिन्टिऑक्टोपंक्टाटा' या नावाचा अर्थ फोड करून सांगा.
४. नवी जात ठरवताना केवळ ठिपके मोजून का भागत नाही?
५. मूळ नमुना आणि दुकानातील वजन यांत कोणते साम्य आहे?
६. निपोनिका आणि यासुतोमिई हे ढालकिडे एकाच जंगलात राहूनही एकमेकांना का भेटत नाहीत?
७. तुमच्या परिसरातील ढालकिडे आठ दिवस पाहा. कोणता ढालकिडा कोणत्या झाडावर होता आणि तो काय खात होता, ते तारीख घालून वहीत लिहा. किडे मारू नका.